पीटरचा ससा आणि एका दिवसाचं शिबिर

‘भीती कायमची पुसून टाका, एका दिवसात’ अशी जाहिरात करणाऱ्या शिबिरांबद्दल गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास मी इथे लिहिलं, तेव्हा काही वाचकांना माझा सूर फार चढा वाटला होता. या आठवड्यात ठाण्याहून एका आईचं पत्र आलं. ते वाचल्यापासून हा सूर आणखी चढवावा असं वाटतंय.

त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला कुत्रा चावला होता. इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण पोरगा खाली खेळायला जाईना. शिबिरानंतर मात्र तो सोसायटीतल्या कुत्र्यासमोरून बिनधास्त जाऊ लागला. मग मे महिन्यात मामाकडे कोल्हापूरला गेला, गल्लीच्या तोंडाशी कुत्रा दिसला आणि तो आईच्या कमरेला घट्ट मिठी मारून थरथरत उभा राहिला. शिबिरवाल्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, ‘त्याने मनापासून केलं नाही.’ आठ वर्षांच्या लेकरावर हा ठपका! माझा राग आहे तो या वाक्यावर.

अशीच भीती परतलेलं एक मूल मानसशास्त्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. त्याच्याआधी एका प्रयोगातलं बाळ होतं, छोटा अल्बर्ट. त्याला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली गेली आणि ती घालवण्याआधीच त्याला रुग्णालयातून नेण्यात आलं. त्याच्या मागून आला पीटर. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी न्यूयॉर्कमधल्या या पावणेतीन वर्षांच्या मुलाचा वृत्तांत छापला. पीटरला सशाची भीती वाटे, उंदराची वाटे, फरच्या कोटाची वाटे, एवढंच काय, कापसाचीही वाटे. जोन्सबाई त्याला रोज सशाला न घाबरणाऱ्या मुलांसोबत खेळायला बसवत आणि ससा तिथेच ठेवत. आधी पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही असला तरी पीटर घाबरे. मग बारा फुटांवर चालला, मग चार फुटांवर. पायरीपायरीने काम पुढे सरकत होतं.

आणि पीटरला लोहितांग ज्वर झाला. दोन महिने तो रुग्णालयात होता. तिथून परतायला परिचारिकेसोबत टॅक्सीत बसत असताना दारातच एक मोठा कुत्रा धावत आला आणि त्यांच्या अंगावर उडाला. पीटर टॅक्सीत पांढराफटक पडून राहिला. त्याला परत आत न्यावं की काय, असा परिचारिकेला प्रश्न पडला. प्रयोगशाळेत आल्यावर पाहिलं तर सशाची भीती पुन्हा जिथून सुरुवात केली होती तिथेच जाऊन पोचलेली. घाबरवलं कुत्र्याने, आणि उसळून आली ती सशाची भीती!

इथे जोन्सबाई आणि आमचे शिबिरवाले यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाईंनी पीटरला दोष दिला नाही. घसरण जशीच्या तशी लिहून ठेवली आणि नवा मार्ग धरला. पीटरला उंच खुर्चीत बसवायचं, आवडीचा खाऊ द्यायचा आणि त्याचं खाणं थांबणार नाही इतक्याच जवळ ससा आणायचा. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडू लागला तरी पीटर हात मागे घेत नव्हता. कापसाची, कोटाची भीतीही गेली.

भीती परत का येते, याचं उत्तर आता बरंच हाती आलंय. धोका नाही हे मेंदू शिकतो, तेव्हा जुनी आठवण जात नाही. तिच्यावर वचक ठेवणारी दुसरी आठवण तयार होते. पहिलीचं मुख्य ठाणं म्हणजे मेंदूतला अमिग्डाला हा भाग. दुसरीसाठी कपाळामागच्या भागाची मदत लागते. मिलाद आणि क्वर्क यांनी २००२ मध्ये उंदरांत दाखवलं की तिथल्या पेशी भीती शमल्याची आठवण जागी होताना पेटतात. ही दुसरी आठवण जागेला फार बांधलेली असते. मार्क बाउटन यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलंय: एका पिंजऱ्यात शमलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात पुन्हा उभी राहते. ठाण्याच्या आवारात शिकलेला धीर कोल्हापूरच्या गल्लीत कमी पडला, यात त्या मुलाचं काय चुकलं?

‘पण आता तर आठवण पुसताही येते म्हणे!’ हा प्रश्नही दर वेळी येतो. २००० साली नेडर, शेफ आणि लेडू यांनी उंदरांना भीतीची आठवण करून दिली आणि लगेच अमिग्डालात नवी प्रथिनं बनणं रोखणारं औषध सोडलं, भीती ओसरली. आठवण करून न देता तेच औषध दिलं तर काहीच झालं नाही. शोध खरोखर मोठा होता. २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये माणसांवर, औषधाविना, तसाच परिणाम मिळाल्याचं छापून आलं. २०२० मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर परिणाम दिसला नाही. पहिली बातमी जगभर गाजली, दुसरी फारशी कुणी वाचली नाही.

आणि माझं नेहमीचं गाऱ्हाणं पुन्हा मांडते: आपल्या घरांतून ‘भित्रट’ हा शब्द हद्दपार झाला पाहिजे. माझी खात्री आहे की कुत्र्याच्या चाव्यापेक्षा या शिक्क्याने जास्त मुलं घरात बसली आहेत.

ठाण्याच्या ताईंना सांगणं इतकंच. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यापासून त्याने लांब राहणं हे शहाणपणच आहे, ते मोडू नका. ओळखीच्यांचा, साखळीतला, शांत कुत्रा पाहा. लांबून सुरुवात करा, आणि हे एकाच आवारात नको, मैत्रिणीच्या घरी, बागेत, मामाकडेही करा. झोप उडाली असेल, शाळा बुडत असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. आणि बाकीच्या वाचकांनो, शिबिराचे पैसे भरण्याआधी एकच विचारा: तीन महिन्यांनी, दुसऱ्या गावात मूल कसं वागतं, याची नोंद तुम्ही ठेवता का? ठेवत नसतील तर पैसे भरू नका.