यंत्रांशी गट्टी : भिंतीवरचा सिनेमा

दोस्तांनो, या आठवड्यात आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "आमच्या गावातलं थिएटर बंद पडलं. आजीला गुडघ्यांमुळे तालुक्याला नेता येत नाही. बाबा म्हणतात, पंधरा हजारांत घरी प्रोजेक्टर आणि पडदा बसत असेल तर घेऊ. पण हे पैसे पुन्हा जमायला वर्ष लागेल. जाहिरातीत एका प्रोजेक्टरवर ९००० लुमेन लिहिलंय, दुसऱ्यावर फक्त ३०० अ‍ॅन्सी लुमेन. किंमत सारखीच! मग पहिलाच घ्यायचा ना?"

थांब, थांब! पैसे द्यायच्या आधी थोडं गणित करू. वही, पेन्सिल आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन ये.

लुमेनची गोम

लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा उजेड मोजायचं माप. अ‍ॅन्सी पद्धतीत पडद्याचे नऊ भाग पाडतात, प्रत्येक भागाच्या मधोमध उजेड मोजतात आणि त्याची सरासरी काढतात. म्हणजे हा पडद्यावर खरोखर पोचलेला उजेड. नुसतं 'लुमेन' लिहिलं असेल तर तो कुठे मोजला, कसा मोजला, काही कळत नाही. खरे ९००० लुमेन देणारे प्रोजेक्टर मोठमोठ्या सभागृहांत लावतात आणि त्यांची किंमत लाखांत असते. ते पंधरा हजारांत कसे मिळतील, सांग बरं? तेव्हा खोक्यावर 'अ‍ॅन्सी' किंवा 'आयएसओ' हा शब्द शोधायचा. नसेल तर आकडा कितीही मोठा असो, त्यावर विसंबायचं नाही.

३०० पुरतील का?

आता एक प्रयोग. अंधारात भिंतीपासून एक हात अंतरावर बॅटरी धर. मग भिंतीपासून दोन हात अंतरावर जा. उजेडाचा गोल दुप्पट रुंद झाला, पण फिका पडला. कारण रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं. तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरला, म्हणून प्रत्येक ठिकाणी पाव उरला. प्रोजेक्टरचंही असंच असतं.

सिनेमागृहात पडद्याच्या प्रत्येक चौरस फुटावर साधारण १४ ते १६ लुमेन उजेड पडावा, असं मानतात. आपण १६ धरू. पडद्याचा आकार टीव्हीसारखाच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरका मोजतात.

८० इंची पडदा : रुंदी सुमारे ७० इंच, उंची ३९ इंच. क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस फूट. १९ × १६ = ३०४ लुमेन.

१०० इंची पडदा : रुंदी ८७ इंच, उंची ४९ इंच. क्षेत्रफळ जवळजवळ ३० चौरस फूट. ३० × १६ = ४८० लुमेन.

कळलं? खरे ३०० लुमेन ८० इंची पडद्याला पुरतात, पण १०० इंचीला कमी पडतात. आणि हे सगळं खोलीत मिट्ट अंधार असेल तेव्हाचं बरं का!

अंधार का हवा? कारण प्रोजेक्टरला काळा रंग 'टाकता' येत नाही. जिथे काळं दाखवायचं तिथे तो फक्त उजेड रोखतो. खोलीत दिवा चालू असेल तर पडद्याचा तो भाग पांढुरका दिसणार, आणि सिनेमातली रात्र धुक्यासारखी होणार. म्हणून खिडकीला जाड पडदा लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. कल्याणच्या पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर पाडून दाखवली. त्यांच्या दिव्यालाही अंधाराची साथ लागायचीच!

खोली मोजा

माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' शोध. समजा तो १.३ आहे. पडद्याच्या रुंदीला त्याने गुणायचं. ७० × १.३ = ९१ इंच, म्हणजे साधारण साडेसात फूट. पडद्यापासून इतक्या अंतरावर प्रोजेक्टर ठेवावा लागेल. त्याच्या मागे हवा खेळायला वीतभर जागा सोड. तिथे कपाट किंवा जायची वाट येत नाही ना, तेही आधीच बघ.

प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवायचा. तिरका ठेवून चित्र 'कीस्टोन'च्या बटणाने चौकोनी करता येतं, पण तेव्हा काही ठिपके वाया जातात आणि चित्र थोडं भुरकट होतं.

ठिपक्यांची गोष्ट

चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. 'नेटिव्ह १०८०पी' म्हणजे यंत्राचे स्वतःचे १९२० × १०८० ठिपके, वीस लाखांहून जास्त. 'नेटिव्ह ७२०पी' म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास. 'फोर-के सपोर्ट' या शब्दांना मात्र भुलू नको. त्याचा अर्थ, यंत्र फोर-के चित्र आत घेतं आणि स्वतःजवळ आहेत तेवढ्याच ठिपक्यांत दाखवतं. ताटलीभर भात वाटीत कोंबला म्हणून वाटीची ताटली होत नाही!

आणि पडदा?

पांढरी, सपाट, चकाकी नसलेली भिंत असेल तर पहिले काही दिवस तिच्यावरच बघा. चकचकीत ऑइलपेंट नको, मध्ये उजेडाचा डाग पडतो. चादरीतून उजेड आरपार जातो आणि सुरकुत्या दिसतात. त्यापेक्षा पडद्यांना मागून लावतात ते जाड पांढरं अस्तर लाकडी चौकटीवर ताणून बसवा. कडेने दोन-तीन बोटं काळी पट्टी लावली की चित्र एकदम उठून दिसतं. सुट्टीतलं छान काम आहे, आणि विकतच्या पडद्याचे पैसे वाचतात.

वाचलेल्या पैशांचं काय? आतला स्पीकर बहुतेक वेळा किरटा असतो. घरात जुना स्पीकर असेल तर तो वायरने जोडा. ऐकायला कमी येणाऱ्या माणसांना चित्रापेक्षा आवाजाची जास्त गरज असते.

आई-बाबांसाठी

घेण्याआधी परत करायची मुदत आणि जवळचं दुरुस्ती केंद्र विचारा. दुकानात दिवे मालवून, रात्रीचा प्रसंग लावून बघा. पंख्याची घरघर ऐका. सिनेमे कुठून बघणार, ती सेवा त्या यंत्रावर चालते का, हेही तिथेच तपासा. काही सेवा फोनवरून पडद्यावर टाकल्या की नुसती काळी चौकट दाखवतात. लहान मुलांना भिंगात बघू देऊ नका. आणि रोज बातम्या, मालिका दिवसाउजेडी बघायच्या असतील, तर याच पैशांत टीव्ही घेणं जास्त शहाणपणाचं.

तर मैत्रिणी, निकाल असा : सारख्या किमतीत ३०० अ‍ॅन्सीवाला, नेटिव्ह १०८०पी असेल तर फारच उत्तम; पडदा ८० इंची, घरी बनवलेला; आणि खिडकीला जाड पडदा.

डोकं चालवा! प्रोजेक्टर पडद्यापासून ६ फुटांवर होता. तो ९ फुटांवर नेला. आता प्रत्येक चौरस फुटावर आधीच्या किती पट उजेड पडेल? अर्धा? दोन तृतीयांश? की आणखी काही? उत्तर पुढच्या अंकात. तोवर बॅटरी आणि मोजपट्टी आहेच!