भाडेकरूसह विकाऊ घर

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मोरानबा नावाचे गाव आहे. १९७० च्या सुमारास आसपासच्या कोळसाखाणींतील कामगारांसाठी कंपनीने ते वसविले. त्या काळी घर हा नोकरीचाच एक भाग समजला जाई. पुढे घरांचा खुला बाजार निर्माण झाला आणि ‘कौटुंबिक घर, भाडेकरू राहत आहे, गुंतवणुकीस योग्य’ अशा आशयाच्या जाहिराती दूरच्या शहरांतील पगारदार मंडळी वाचू लागली.

२०११ साली पोलादासाठी लागणाऱ्या कोळशाचा करारभाव टनाला ३३० अमेरिकी डॉलरपर्यंत चढला. मोरानब्यात घराची सर्वसाधारण किंमत सात लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेली, भाडे आठवड्याला दीड-दोन हजारांवर पोहोचले. सात लाखांच्या घराला दीड हजार भाडे म्हणजे वर्षाला ७८,००० डॉलर, शेकडा अकराहून अधिक उत्पन्न! मोह पडावा असाच हा हिशेब होता. परंतु २०१६ च्या आरंभी कोळशाचा भाव ८५ डॉलरच्या खाली आला, आणि त्याच सुमारास घरांच्या किमती दोन लाखांच्या आसपास घसरल्या. कर्ज मात्र सात लाखांच्या घरावर काढलेले होते.

यातील चूक अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठातलीच आहे. भाडेकरार वर्षाचा, कर्ज पंचवीस-तीस वर्षांचे. शिवाय भाडेकरूचे वेतन, घराची किंमत आणि गावाचे भवितव्य ही तिन्ही एकाच जिनसाच्या भावाला बांधलेली. असामान्य उत्पन्न ही बाजाराने दिलेली बक्षिसी नसते. ती धोक्याची किंमत असते.

ज्याने धोका पत्करला त्याने तोटा सोसावा, असे कोणी म्हणेल. ते न्याय्यही आहे. तथापि तेजीच्या काळात भाड्याचा तोटा पगारी उत्पन्नातून वजा करून कर वाचविण्याची सवलत तेथे होती. म्हणजे त्या तोट्याचा काही भाग सार्वजनिक तिजोरीवर पडत होता. आणि तेजीची झळ कोणाला लागली? ज्यांना खाणीचा पगार नव्हता, त्या शिक्षकाला, परिचारिकेला, दुकानातील कारकुनाला. ज्या घरात त्यांनी संसार थाटायचा, ते त्यांच्या आवाक्याबाहेर गेले.

गुंतवणूकदार नसते तर भाड्याची घरेच कमी पडली असती, हा आक्षेप अंशतः खरा आहे. म्हणूनच उत्तर बंदीत नसून वेळीच जमीन खुली करण्यात, काही घरे सार्वजनिक मालकीची ठेवण्यात आणि खाणकंपनीवर गावाची जबाबदारी टाकण्यात आहे. गावाशेजारच्या मोठ्या खाणींनी सर्वच कामगार विमानाने बाहेरून आणू नयेत, असा कायदा क्वीन्सलँडने २०१७ साली केला. पण तोवर पडझड होऊन गेली होती.

हा धडा आपल्याला परका नाही. त्या कोळशावर आपले पोलाद कारखानेही चालतात, आणि एकाच कारखान्याच्या भरवशावर वाढणारी गावे आपल्याकडेही आहेत. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम दुसऱ्या घरात गुंतविण्यापूर्वी प्रत्येक नोकरदाराने एवढेच विचारावे: आजचा भाडेकरू उद्या निघून गेला, तर या गावात राहायला कोण येईल?