बारावा नंबर

पूर्वी माणसाची पत्रिका जन्मात एकदाच निघत असे. आता बारावी सायन्सच्या मुलाची दर रविवारी निघते. तिला सीईटीच्या सराव परीक्षेचा निकाल म्हणतात. जुन्या पत्रिकेत मंगळ निघाला तर शांत तरी करता येई; पर्सेंटाइलला शांत नाही.

परवा माझ्या पुतण्याला ८१.६७ पर्सेंटाइल मिळालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वा, डिस्टिंक्शन की!" वहिनी मात्र डोळ्यांना पदर लावून, "भावोजी, एवढ्यावर सीओईपी नाही हो मिळत!"

अहो, पण हे गुण नव्हेतच! आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, एवढंच तो आकडा सांगतो. बॅचमध्ये मुलं ६०, याचा नंबर बारावा. म्हणजे हा धरून ४९ जण. ६० पैकी ४९, झाले ८१.६७. आता समजा, याच्या वरच्या अकरांपैकी दहाजण उद्या नाक्यावरच्या दुसऱ्या क्लासला गेले. लगेच ५० पैकी ४९, म्हणजे ९८ पर्सेंटाइल! एक अक्षर जास्त न शिकता! पेढे वाटायचेच तर त्या दहाजणांच्या घरी वाटावेत. खऱ्या परीक्षेला बसणार आहेत लाखो. या साठजणांवरून त्यांचा अंदाज काय कपाळ बांधणार?

बरं, गुण बघावेत, तर तिथेही गंमत. पीसीएमला प्रश्न १५०, गुण २००, आणि चुकीला दंड नाही. त्यामुळे न येणारं उत्तरही ठोकायचं, हे शहाणपणच. चाळीस ठोकले तर चारात एक या हिशेबानं सरासरी दहा बरोबर येतात; पण एखाद्या रविवारी चौदा, एखाद्या रविवारी सहा. वहिनींचे उपास तेवढ्या फरकावर चालतात.

माझं भांडण क्लासवाल्यांशी आहे. नंबरांची यादी पालकांच्या ग्रुपवर तासाभरात पडते. कुठलं उत्तर का चुकलं, विचारा, "पोर्शन संपवायचाय, सर!" डॉक्टरनं रक्त तपासून 'वॉर्डात तुमचा नंबर बारावा' एवढंच सांगितलं, तर आपण फी देऊ का?

कुठलं आलंच नाही, कुठलं येत असून घाईत चुकलं आणि कुठलं ठोकून बरोबर आलं, हे तीन ढीग म्हणजे निकाल. तिसरा सर्वांत धोक्याचा, कारण त्याच्यावर लाल खूण नसते.

पुतण्या पूर्वी वर्गात शंका विचारायचा. यादी लागायला लागल्यापासून हात वर करत नाही. म्हणतो, "काका, बाराव्या नंबरानं विचारलं की पहिले पाच हसतात."

म्हणून माझं मागणं एकच: यादी काढून टाका, पेपर समजावून द्या. फी आम्ही चुका कळाव्यात म्हणून भरतो. नुसता नंबरच कळायचा, तर रेशनची रांग काय वाईट होती? तिथे निदान साखर तरी मिळायची.