विश्लेषण : ‘सुपरग्रुप’ म्हणजे काय? आणि पाहुण्या वादकाचे नाव कुठे असते?

शिंदखेडा : लग्नसराईत शिंदखेडा, दोंडाईचा परिसरात एखाद्या बँडने एकाच तिथीला दोन सुपाऱ्या घेतल्या की दुसऱ्या गावाहून क्लॅरिनेट किंवा की-बोर्ड वाजवणारा बोलावला जातो. मूळचे चार-पाच ठरलेले आणि बाकीचे पाहुणे, अशी ही रचना आहे. जगाच्या संगीतात याच रचनेला मोठे नाव आणि मोठा मान आहे. आपल्याकडे मात्र पाहुण्याला हजेरी मिळते, नाव मिळत नाही. हा फरक का, हे समजून घ्यायला हवे.

सुपरग्रुप कशाला म्हणतात?

आधीच स्वतंत्रपणे नावारूपाला आलेले कलावंत एकत्र येऊन गट करतात, त्याला सुपरग्रुप म्हणतात. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये हे बरेच घडले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रुजलेला हा प्रकार. लांबलचक रचना आणि विषम मात्रांचे ताल ही त्याची ओळख. सात मात्रांचा रूपक ऐकलेल्या कानांना तो फार परका वाटू नये. १९८१ मध्ये ‘येस’, ‘किंग क्रिम्सन’ आणि ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या गटांतले वादक एकत्र आले आणि ‘एशिया’ उभा राहिला. नेदरलँड्सच्या आर्येन लुकासेन यांनी १९९५ पासून चालवलेल्या ‘एरिऑन’ची पद्धत आणखी वेगळी. रचना त्यांची, गायक मात्र प्रत्येक अल्बमला बदलते. २००४ च्या एका अल्बममध्ये ११ गायक आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला कथेतले एक पात्र.

आपल्याकडचे उदाहरण कोणते?

सर्वांत जवळचे उदाहरण ‘शक्ती’. तो काटेकोर अर्थाने रॉक गट नव्हे, पण त्याचे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन त्याआधी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा जॅझ-रॉक गट चालवत होते. त्यांच्यासोबत मुंबईत वाढलेले तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम् वाजवणारे विक्कू विनायकराम आले. १९७६ आणि १९७७ मध्ये तीन अल्बम निघाले आणि गट पांगला.

१९९७ मध्ये तो ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने परतला, तोही नव्या माणसांसह. आधी बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, पुढे मेंडोलिनवर यू. श्रीनिवास, विनायकराम यांच्या जागी त्यांचेच पुत्र सेल्वागणेश, नंतर चेंबूरमध्ये वाढलेले शंकर महादेवन. २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. त्यात संतूरवर शिवकुमार शर्मा, स्लाइड गिटारवर देबाशिष भट्टाचार्य, तालवाद्यांवर शिवमणी असे पाहुणे होते. २०१४ मध्ये श्रीनिवास गेले. २०२३ च्या ‘धिस मोमेंट’ अल्बममध्ये व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आले. त्या अल्बमला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन यांचे निधन झाले.

माणसे बदलूनही गट टिकला कसा?

तीन कारणे दिसतात. पहिले, गाभा पक्का होता. मॅकलॉफ्लिन आणि झाकीर ही जोडी शेवटपर्यंत कायम राहिली. दुसरे, पाहुण्याला मोकळी जागा होती. गेलेल्या वादकाची नक्कल त्याच्याकडून कोणी मागितली नाही. व्हायोलिनच्या जागी मेंडोलिन आले, तेव्हा गटाने आपला आवाजच बदलला. तिसरे, सर्वांत साधे आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे प्रत्येकाचे नाव छापले गेले. म्हणूनच कोण कधी आला, कोण गेला, हे आज एवढ्या वर्षांनी सांगता येते.

खान्देशात काय घडते?

इथे वादकांची उणीव नाही. आखाजी, कानबाईचा उत्सव, हळद, वरात, वाजवायला निमित्तेही भरपूर. अहिराणी गाण्यांना तर इंटरनेटने नवे मैदान दिले. ‘बबल्या इकस केसावर फुगे’सारखे गाणे खान्देशाबाहेरच्या वरातीतही वाजले. पण अशा अनेक गाण्यांखाली निर्माता, गायक, कलाकार यांची नावे सापडतात. ढोलकी कोणाची, की-बोर्ड कोणाचा, हे शोधून सापडत नाही. बँडच्या गाडीवर नाव असते ते मालकाचे.

याचा तोटा केवळ मानापुरता नाही. लग्नतिथी वर्षात मोजक्या महिन्यांत येतात, त्यातल्या अनेक डीजेने नेल्या. उरलेले महिने वादक शेतात किंवा मजुरीला जातो. ज्याचे नाव कुठेच नोंदलेले नाही, त्याला पुढचे काम ओळखीवरच मिळते. ज्येष्ठ कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज करताना कलेचे पुरावे मागितले जातात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवलेल्या माणसाने ते आणायचे कुठून?

मग करायचे काय?

यासाठी निधी लागत नाही, समिती लागत नाही. गाणे इंटरनेटवर टाकताना वादकांच्या नावाची एक ओळ लिहावी. बँडमालकाने वहीत आगाऊ रकमेसोबत वाद्य, गाव आणि तारीखही नोंदवावी. लग्नघरानेही वरात थांबली की निवेदकाकडून वाजवणाऱ्यांची नावे एकदा घ्यायला लावावीत. आहेर देणाऱ्याचे नाव आपण माइकवरून पुकारतोच.

क्लॅरिनेटवाला शेजारच्या गावाहून येतो, एक रात्र वाजवतो आणि पहाटेच्या गाडीने परततो. त्या रात्रीपुरता तो त्या बँडचा पाहुणा कलावंत असतो. त्याला तसे म्हणायला ग्रॅमीची वाट पाहण्याचे कारण नाही.