गुडघाभर पाण्यातला हसरा शेतकरी

‘मॉडर्न, क्लीन, मिनिमल. शेतकऱ्यांसाठी मोबाइल अ‍ॅप. हिरवा रंग. प्रीमियम फील.’ एवढं टाइप केलं की गूगलचं स्टिच नाहीतर फिग्मा मेकसारखं एआय टूल बघता बघता चार स्क्रीन काढून देतं. आमच्याकडची पोरं त्या स्क्रीन प्रोजेक्टरवर लावतात, साहेब लोक माना डोलावतात.

काय असतं त्या स्क्रीनवर? ‘गुड मॉर्निंग, रमेश!’ शेजारी फेटा बांधून हसणारा शेतकरी, मागे गुडघाभर पाण्यात डोलणारं भाताचं शेत. अरे, हा धाराशिव जिल्हा आहे. इथं सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी. आमच्या रानात गुडघाभर पाणी दिसतं तेव्हा पीक गेलेलं असतं आणि रमेश हसत नसतो.

मशीनला शिव्या देऊन उपयोग नाही. तुम्ही विशेषणं घातलीत, त्यानं ती रंगवून दिली. ‘सोपं’ हे तर हमखास असतंच. कुणाला सोपं? सातबाऱ्यावर पाच भावांची नावं, स्मार्टफोन एकाकडे, आणि ओटीपी जातो पुण्याला कामाला गेलेल्या पोराच्या नंबरवर. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. बालाघाटाच्या पट्ट्यात भर उन्हात, रेंज शोधत हात वर करून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला तुमची फिकट राखाडी अक्षरं दिसतात का, हे एकदा बघून या.

आणि २०२०चा खरीप विसरलात? ऑक्टोबरच्या पावसानं सोयाबीन सडलं. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, म्हणून विमा कंपनीनं लाखो शेतकऱ्यांची भरपाई नाकारली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि २०२२मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला. दीड वर्ष गेलं ते गेलंच.

त्या ऑक्टोबरसाठी प्रॉम्प्ट लिहायचा तर असा लिहा: ‘पाऊस चालू आहे. गावात लाइट नाही, फोन ८ टक्क्यांवर, रेंज नाही, बोटं ओली. ७२ तासांतले किती उरले ते सगळ्यात वर, ठळक. फोटो आणि वेळ फोनमध्येच साठव, रेंज आली की आपोआप पाठव, पण नोंदीची वेळ बटण दाबलं तीच धर. पोच मराठीत, शेजाऱ्याला दाखवता येईल अशी. गट नंबर चुकला तर काय दिसेल, तीही स्क्रीन काढ.’ यात एक तरी विशेषण मिरवायला आहे का? ‘जादुई प्रॉम्प्ट’च्या पीडीएफ विकणाऱ्यांकडे हे मिळत नाही, कारण त्यासाठी शिवारात जावं लागतं, चपला चिखलात घालाव्या लागतात.

यावर उत्तर ठरलेलं: ‘सर, हा नुसता मॉकअप आहे, बारकावे नंतर.’ नंतर कधी? मंजुरी मिळते ती याच चित्राला. मंजूर चित्रात जी स्क्रीन नाही, तिचे पैसे पुढं कोण देणार? म्हणून मला आधी रेंज गेल्यावरची स्क्रीन दाखवा. ती नसेल तर बाकीच्या चार दाखवायची तसदी घेऊ नका.