कळ दाबणाऱ्याची मजुरी

मुलगा चित्रकार व्हावयाचें म्हणतो, असें ऐकून आमच्या सुशिक्षित घरांत चिंता उत्पन्न होते. तो छायाचित्रकार व्हावयाचें म्हणतो, असें ऐकून हंसूं येतें. ‘त्यांत काय आहे? यंत्र घ्यावें आणि कळ दाबावी!’ आतां प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्येंच कॅमेरा असल्यामुळें या तर्कास भलताच जोर चढला आहे. असे तर्क लढविणारांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं एकदां पेण तालुक्यांतील जोहे गांवीं जाऊन यावें.

जोहे आणि हमरापूर हीं गणेशमूर्तींचीं गांवें. तेथील कारखान्यांत एकाच साच्यांतून एकसारख्या मूर्ति निघतात; पण डोळ्यांची आखणी वाटेल त्याच्या हातीं देत नाहींत. तें काम मुरलेल्या कारागिराचें. रेघ केसभर चुकली तर मूर्ति भलतीकडेच पाहूं लागते. साचा तयारच होता, मग आखणाऱ्यास मजुरी कशाला, असें म्हणणारें गिऱ्हाईक आमच्या पाहण्यांत नाहीं. कॅमेरा हाही साचाच! उजेड चेहऱ्याच्या कोणत्या अंगानें घ्यावा, चष्म्यावरील चकाकी कशी टाळावी, ताठ बसलेली आजी कोणत्या क्षणीं स्वतःसारखी दिसेल, हें ओळखणें ही छायाचित्रकाराची आखणी होय. खारेपाटांतील भातखाचरांवर हवा तो उजेड पडावा म्हणून चार पहांटा फुकट घालविणें, हीही आखणीच. आणि तिच्यासाठीं दाम मोजतांना मात्र आम्ही भाजीबाजारांतल्याप्रमाणें घासाघीस करतों.

मात्र सारा दोष घरच्यांचाच नाहीं. ‘मी निसर्गदृश्येंच टिपीन, लग्नमुंजींतले चेहरे नकोत,’ असें म्हणणारे तरुणही आम्हांस ठाऊक आहेत. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे शिक्षणानें अभियंते, इंदूरच्या बांधकाम खात्यांत नोकरीस. त्यांनीं मध्य हिंदुस्थानांतील मंदिरें व किल्ले टिपले. पण चेहऱ्यांचा त्यांस कधीं विटाळ झाला नाहीं. १८९६ सालीं त्यांनीं मुंबईंत चित्रशाळा काढली, ती काय डोंगर टिपण्यासाठीं?

कायदा तर या तरुणांनीं वाचलेलाच नसतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा. म्हणजे आजीचें चित्र घरच्यांचें. कोणी न सांगतां टिपलेलें भाताचें शेत मात्र टिपणाऱ्याचें. व्यक्तिचित्रांवर आज चूल पेटवावी आणि दृश्यांचा संग्रह आपल्या नांवें वाढवावा, असा व्यवहार यांतून सरळ दिसतो. व्यक्तिचित्रावरही हक्क हवा असेल, तर आधीं कागद करून घ्यावा. संकोच करूं नये. वकील करीत नाहींत.

हक्क दुसऱ्याकडे गेला तरी कर्ता म्हणून नांव सांगण्याचा अधिकार ५७ व्या कलमानें उरतोच. असें असतां आमचे दिवाळी अंक काय करतात? चार ओळींच्या कवितेखालीं कवीचें नांव ठळक अक्षरांत, आणि पानभर चित्राखालीं ‘आंतरजालावरून साभार’. आभार कोणाचे? जाळ्याचे?

येत्या भाद्रपदांत जोहे येथील मूर्तींचीं चित्रें ठिकठिकाणीं छापलीं जातील. त्यांखालीं टिपणाऱ्याचें नांव आहे कीं नाहीं तें वाचकांनीं पाहावें, आणि नसल्यास संपादकांस खरमरीत पत्र लिहावें. आमच्याकडून चूक झाली तर आम्हांसही.