शेवटच्या पंगतीचं मटण

आखाडातला शेवटचा रविवार. सकाळी सातला मटणाच्या दुकानावर पोचलो तरी पुढे वीस-पंचवीस पिशव्या उभ्या होत्याच. यंदा जेवण आमच्याकडे होतं. काका, आत्या, चुलतभाऊ, वहिन्या, पोरंटोरं धरून २४ माणसं. आणि मटण किती आणायचं हे ठरवायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं.

आईला विचारलं तर म्हणाली, "साडेपाच किलो आण."

"कसं काढलंस?"

"लागतं रे तेवढं."

आता हे काय उत्तर झालं? ऑफिसात कोणी एस्टिमेट दिलं की 'कशाच्या आधारावर?' असं विचारत बसणारा मी, घरी असं कसं ऐकून घेणार? एक्सेल उघडलं.

हिशोब सरळ होता. हाडासकट एक किलो मटण घेतलं तर साधारण पाव हिस्सा हाडात जातो. उरलेलं पाऊण किलो शिजताना पाणी सोडतं, आटतं आणि खाण्यासारखं साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास राहतं. किलोला पाच माणसं धरली तर माणशी शंभर-एकशेदहा ग्रॅम. वर रस्सा, भाकरी, भात आहेच. म्हणजे काही कमी नाही. (ऑनसाइटला असताना ख्रिसमसच्या जेवणाआधी तिकडचे सहकारी हॅमचा असाच हिशोब करताना पाहिले होते. हाडासकट असेल तर माणशी पाऊण पौंड, बिनहाडाचं असेल तर अर्धा पौंड. तिकडे हॅम हाच जेवणाचा राजा, म्हणून आकडा मोठा. पण हाड आधी वजा करायचं हे तत्त्व तेच.)

तर मोठी माणसं १८ गुणिले २०० ग्रॅम, मुलं ६ गुणिले १०० ग्रॅम. एकूण ४.२ किलो. त्यात पुन्हा उरलं तर पंचाईत. सोमवारी आमच्याकडे कोणी खात नाही आणि पुढे चार दिवसांत श्रावण. मटण सातशे-आठशे रुपये किलो असताना टाकून कोण देणार? म्हणून आकडा खाली ओढला आणि ४ किलो आणलं. आई पिशवी हातात घेऊन फक्त म्हणाली, "बरं."

जेवण झकास झालं. सुकं, तांबडा रस्सा, पोरांना अळणी. पहिल्या पंगतीला आम्ही दहा पुरुष बसलो. "घ्या हो काका, लाजू नका" वगैरे झालं. दुसरी पंगत पोरांची, सोबत आजी आणि लेकुरवाळी वहिनी. मग ताक पिऊन मी मनातल्या मनात खूश होत स्वयंपाकघरात गेलो. एक ग्रॅम वाया नाही! एक्सेल जिंकलं!

तिथे आई, काकू, आत्या आणि बाकीच्या, अशा सहा जणी जेवायला बसत होत्या. पातेल्यात डोकावलो. रस्सा होता. दोन नळ्या होत्या. बटाट्याच्या चार फोडी होत्या. बस.

"आई, तुला?"

"मला फारसं आवडतच नाही रे. रस्सा पुरे मला."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत मला ते खरंच वाटत होतं.

रात्री झोप येईना. ४ किलो २४ जणांत वाटलं तर प्रत्येकाला पुरायलाच हवं होतं. गणित बरोबरच होतं. पण सरासरी लागू पडते ती सगळ्यांना एकाच वेळी, मोजून वाढलं तरच. पहिली पंगत भुकेप्रमाणे खाते, शेवटची पंगत उरेल ते खाते. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा सरासरी लोड उत्तम, फक्त रांगेतल्या शेवटच्या सहा युजरना कायम टाइमआउट. आणि ते तक्रार करत नाहीत, म्हणून आपण म्हणायचं सिस्टिम मस्त चालते.

मग आईचा आकडा आठवला. साडेपाचातून चार गेले, राहिले दीड किलो. शेवटच्या पंगतीत सहा जणी. माणशी पाव किलो! मी ज्याला आईचं 'अंदाजपंचे' समजत होतो तो या सहा जणींचा वाटा होता. तिनं मुद्दाम असं मांडलं असेल असं नाही, पण इतक्या वर्षांच्या अनुभवातून आलेला आकडा होता तो. फक्त "आमच्यासाठी" हा शब्द तिला उच्चारता येत नव्हता.

कोणी म्हणेल, एवढंच ना, मग जास्त आणा. पण माझं मत वेगळं आहे. जास्त आणलं तर पहिली पंगत आणखी एक वाढप घेते. आम्ही घेतोच. केटरिंगवाल्यांना हे बरोबर कळतं. भात आपला आपण घ्या म्हणतात, पण मटणाच्या भांड्यापाशी डाव हातात घेतलेला माणूस उभा असतो. कारण प्रश्न किलोचा नसतो, वाढण्याच्या क्रमाचा असतो. 'वाढणारीची भूक वासानंच मरते' असंही सांगतात. मरत असेलही. पण दोन तास उभं राहून सगळ्यांना वाढून झाल्यावर माझी भूक तरी अजून मेलेली नाही.

असो. तर आता माझा ठोकताळा असा: किलोला चार माणसं, मुलं अर्धी. आणि महत्त्वाचं म्हणजे मटण शिजलं की पहिलं ताट वाढायच्या आधी शेवटच्या पंगतीचं वेगळ्या पातेल्यात काढून झाकून ठेवायचं. कोणी कितीही "अजून आहे का?" विचारलं तरी "संपलं" म्हणायचं. हे आईला जमणार नाही, म्हणून ते मी म्हणायचं.

दिवाळीनंतर पुन्हा सगळे जमलो तेव्हा हे करून पाहिलं. काका जरा नाराज झाले. पण शेवटच्या पंगतीला वाढायला मी उभा होतो. आईला सुकं वाढलं, तर "पुरे, पुरे" म्हणाली.

पण तिनं ताटावर हात काही धरला नाही.